कशाला आले होते मी स्वयंपाकघरात?

प्रश्न नागपुरातल्या एका शिक्षिकेचा आहे. वय ४८. वर्षभरापासून काही लक्षात राहत नाही, अशी त्यांची तक्रार. स्वयंपाकघरात जातात आणि कशाला आलो तेच आठवत नाही. वर्गातल्या मुलांची नावं ऐनवेळी सुचत नाहीत. गेल्या महिन्यात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लावलेली गाडी शोधायला अर्धा तास लागला. त्यांच्या आईला सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला होता. "माझीही तीच सुरुवात आहे का? आणि मुळात माणूस विसरतो तरी कशाला?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, धंतोलीत बावीस वर्षं मेंदूविकारांची ओपीडी चालवतोय. आधी मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल: तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टींमध्ये मला तुमच्या आईचा आजार दिसत नाही. न तपासता खात्री देणं मात्र बरोबर नाही, म्हणून काय तपासायचं तेही पुढे लिहिलंय.

पहिल्यांदा गाडी. ती लावताना तुम्ही काय करत होता ते आठवून बघा. फोन चालू असेल, किंवा दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून मन आधीच तिकडे गेलं असेल. जागा डोळ्यांनी पाहिली, पण तिची नोंद झालीच नाही. हे विसरणं नव्हे. जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार? माझ्याकडे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या बहुतेक तक्रारी या जातीच्या असतात. खात्री करायची असेल तर पर्स न उघडता सांगा, ५० च्या नव्या नोटेच्या मागे कसलं चित्र आहे? रोज हाताळता ती नोट. हंपीचा दगडी रथ आहे. ओपीडीत हा प्रश्न विचारला की दहातले आठ जण माझ्याकडे नुसते बघत राहतात, आणि त्यात बँकेतून निवृत्त झालेलेही असतात. नोट चालवायला रंग आणि आकडा पुरतो, म्हणून मेंदूनं रथाची दखलच घेतली नाही.

स्वयंपाकघराचं थोडं वेगळं. या क्षणी मनात जे चालू असतं त्याला आमच्या भाषेत कार्यकारी स्मृती म्हणतात. मी रुग्णांना ओटा म्हणून सांगतो. ओट्यावर एका वेळी मावतं किती? १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' असा आकडा दिला होता. नंतरच्या कामातून तो चारच्या आसपास आला. म्हणजे 'फ्रिजमधून दही काढायचं' हे एक भांडं. वाटेत मुलानं हाक मारली, कुकरची शिट्टी मोजायची होती, फोनवर मेसेज वाजला, की दह्याचं भांडं ओट्यावरून खाली. त्यातून उंबरठा ओलांडला की मेंदू आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतो. २०११ मध्ये अमेरिकेत यावर प्रयोग झाले. लोकांना वस्तू घेऊन खोल्यांमधून चालायला लावलं. तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललेल्यांपेक्षा दार ओलांडलेले जास्त विसरले. म्हणून हॉलमध्ये परत जाऊन उभं राहिलं की दही झटकन आठवतं. आपल्या आज्या 'मागे जा, आठवेल' म्हणायच्या ते उगाच नव्हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणूस विसरतो कशाला. त्यासाठी आठवण बनते कशी ते बघावं लागेल.

आठवण एखाद्या कपाटात ठेवलेली चीज नसते. संत्रं म्हटलं की रंग, वास, सोलताना डोळ्यात उडालेला फवारा, संत्रा मार्केटातला गोंगाट, असं सगळं तुमच्या मनात एकदम येतं. हे सगळं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतं. त्यांची मोट बांधण्याचं काम कानाच्या पातळीला, मेंदूच्या आतल्या अंगाला असलेला हिप्पोकॅम्पस करतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. आकार समुद्रघोड्यासारखा, नावही त्यावरूनच पडलंय. सुरुवातीचे दिवस-महिने मोट हाच धरून ठेवतो. पुढे त्या त्या भागांतल्या पेशींचे आपापसातले सांधे पक्के होत जातात आणि याच्यावरचा भार कमी होतो.

हे जगाला कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनला लहानपणापासून फिट्स यायच्या. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण त्या दिवसापासून त्याला नवं काही लक्षात राहिना. बोलणं चालू असेपर्यंत ठीक. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की पुन्हा पहिल्यापासून ओळख. बुद्धी शाबूत होती, बालपण आठवत होतं. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज गिरवता गिरवता त्याचा हात सुधारला. पण हे काम आपण आधी कधी केलंय, हे त्याला एकदाही आठवलं नाही. हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची वेगळी, हे तेव्हा उघड झालं. २००८ मध्ये तो वारला. तोवर पाच दशकं लोक त्याच्यावर अभ्यास करत होते आणि त्याला प्रत्येक जण नवाच.

यासारखंच, पण घरगुती, मी माझ्या टेबलापलीकडे पाहिलंय. महालातले एक काका, वय ८१, जन्मभर इतवारीत धान्याच्या दुकानात मुनिमी केलेली. बायको आणि सून घेऊन आल्या. मी विचारलं, "काका, सकाळी काय खाल्लं?" काकांनी हसून मान बायकोकडे वळवली. "काय खाल्लं गं आपण?" काकू म्हणाल्या, "तर्री पोहे खाल्ले ना जी, दोनदा मागून घेतले." काका म्हणाले, "हो हो, तेच." घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं, तर बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसले. मग मी सहज विचारलं, औटकी येते का? काका ताठ बसले. साडेतीनचा तो पाढा त्यांनी न अडखळता शेवटापर्यंत म्हटला, आणि मी न विचारता अडीचकी सुरू केली. सून तोंडावर पदर धरून रडत होती. तिला वाटलं सासरे बरे झाले.

बरे झाले नव्हते. पावकी, निमकी, दिडकी ही त्यांच्या पिढीनं हजारो वेळा घोकलेली, हिप्पोकॅम्पसच्या आधाराची गरज कधीच संपलेली. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, त्याची झळ सर्वसाधारणपणे आधी हिप्पोकॅम्पसच्या भागाला लागते. म्हणून सकाळचे पोहे जातात आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची औटकी राहते. नवं आधी जातं, जुनं शेवटी, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. "त्यांना सगळं जुनं आठवतं हो, मेंदू एकदम तल्लख आहे," असं घरचे सांगतात तेव्हा मला म्हणूनच धीर येत नाही.

निरोगी मेंदू विसरतो त्याची तऱ्हा निराळी. हर्मान एबिंगहाउस हा जर्मन गृहस्थ १८८० च्या सुमारास स्वतःवरच प्रयोग करत बसला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, मग ठरावीक वेळानं पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्या खेपेला कष्ट किती वाचले ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त फायदा गेलेला. एका दिवसानं एक तृतीयांशच उरला, महिन्यानं पाचवा हिस्सा. पडझड होते ती सुरुवातीला, मग जे टिकतं ते बऱ्यापैकी टिकतं. पण तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता हे विसरू नका. तुम्ही वर्गात गोष्ट सांगून शिकवता तेव्हा उतार इतका तीव्र नसतो.

आणि नुसत्या काळानं सगळं पुसलं जातं असंही नाही. जास्त नुकसान एकासारख्या एक गोष्टींच्या गर्दीनं होतं. दर शनिवारी बर्डीवर गाडी लावली की आजची जागा गेल्या शनिवारच्या जागेत मिसळते. एखाद्या मॉलला एकदाच गेला असाल तर तिथली जागा वर्षभर आठवेल. मुलांच्या नावांचंही तेच. दरवर्षी साठ नवी नावं, त्यात चार वेदांत आणि तीन श्रावणी. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तुमच्या डोक्यात किती नावांचा थर बसला असेल त्याचा हिशोब करा. वयाबरोबर शब्द काढायला वेळ जास्त लागतो हे खरं. तुमच्याकडे माल जास्त आहे हेही खरं.

नावं इतर गोष्टींपेक्षा निसटतात त्याला आणखी एक कारण आहे. समजा मी तुम्हाला एक फोटो दाखवला आणि म्हटलं हा माणूस गवळी आहे. दुसऱ्या कुणाला तोच फोटो दाखवून म्हटलं याचं आडनाव गवळी. आठवड्यानं फोटो पुन्हा दाखवला तर तुम्हाला आठवण्याची शक्यता जास्त. शब्द एकच! पण धंदा म्हटला की म्हशी, दुधाच्या कॅना, पहाटेची सायकल, असे दहा धागे लागतात. आडनावाला एकही नाही. इंग्रजीत हा प्रयोग 'बेकर' या शब्दावर झालाय. तेव्हा नवीन वर्गातलं नाव लक्षात ठेवायचं तर त्याला काहीतरी चिकटवा, कितीही फालतू असलं तरी.

एक गोष्ट जाता जाता, कारण तुम्ही "मला पूर्वी सगळं स्पष्ट आठवायचं" असं लिहिलंय. स्पष्ट आठवणं आणि बरोबर आठवणं यांचा फारसा संबंध नसतो. १९९२ साली, विद्यार्थी असताना, झाशी राणी चौकात पावसात माझी लूना घसरली. गुडघा फुटला. एका पानठेलेवाल्यानं मला उचलून मेट्रोच्या खांबाला टेकवून बसवलं आणि पाणी दिलं. हा प्रसंग मला काल घडल्यासारखा दिसतो, खांबाचा गारवा पाठीला जाणवतो. नागपूरची मेट्रो सुरू झाली २०१९ मध्ये. तो खांब माझ्या मेंदूनं रोज त्या चौकातून जाता जाता मागाहून उभा केला. प्रत्येक वेळी आठवताना आपण आठवण नव्यानं जुळवतो आणि जुळवलेलीच परत ठेवतो. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना 'गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती' असं विचारलं, काहींना 'एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा'. चुराडावाल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानं त्यांच्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या लोकांना फुटक्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. भावाभावांत 'बाबा तेव्हा असं म्हणाले होते' यावरून भांडण होतं त्यात दोघेही प्रामाणिक असू शकतात.

विसरणं हा दोष आहे असं मी मानत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका बाईचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चौदाव्या वर्षापासूनचा जवळजवळ प्रत्येक दिवस तिला तारखेनिशी आठवतो. तिला त्याचा आनंद नव्हता, ती त्याला ओझं म्हणत होती. प्रत्येक अपमान ताजा.

असो. तुमच्याकडे येतो.

वय ४८, आणि तक्रार वर्षभराची. झोप कशी आहे हे तुम्ही लिहिलं नाही, मी मात्र तेच पहिल्यांदा विचारलं असतं. पाळी थांबण्याच्या आसपासच्या वर्षांत कितीतरी बायका हेच सांगतात: शब्द सुचत नाही, लक्ष लागत नाही. रात्री अंगातून वाफा निघतात, दोनदा-तीनदा जाग येते. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभराचा ऐवज पुन्हा पुन्हा चाळतो आणि पुढे सोपवतो. ती झोपच तुटकी असेल तर सकाळी हातात काय राहणार? बहुतेकींचं हे पुढे सुधारतं. घोरणं असेल, सकाळी डोकं जड वाटत असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. ते बायकांमध्ये हमखास दुर्लक्षित राहतं.

झोपेसाठी कुणाची सांगितलेली 'अर्धी गोळी' घेता का? अल्प्राझोलामसारख्या गोळ्या नवी नोंद होऊ देत नाहीत. या शहरात ती अर्धी गोळी दहा-दहा वर्षं चालू असलेले लोक मला भेटतात. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू उतरवा. सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांचंही असंच.

रक्तात थायरॉइड आणि बी-बारा बघा. शाकाहारी असाल तर बी-बारा नक्कीच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तेही कमी होण्याचं कारण असतं. हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी सोबत. मन उदास राहतं का, ज्यात आनंद वाटायचा त्यात वाटेनासा झालाय का, हे स्वतःला खरं खरं विचारा. उदासीनता विसराळूपणाचं रूप घेऊन येते आणि उपचारानं विसराळूपणही जातो. एमआरआय तूर्त नको. नुसत्या भीतीपोटी काढलेल्या स्कॅनमध्ये वयानुसार दिसणारे दोन पांढरे ठिपके सापडतात आणि माणूस सहा महिने झोपत नाही.

आईच्या आजाराबद्दल: आईवडिलांपैकी एकाला सत्तरीनंतर झालेल्या स्मृतिभ्रंशानं तुमची जोखीम थोडी वाढते, ठरून जात नाही. घरात दोन-तीन जणांना साठीच्या आत झाला असता तर मी वेगळं बोललो असतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये चौदा कारणं मोजली आणि ती आवरली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. बीपी, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, व्यायामाचा अभाव, एकटेपणा हे त्यात आहेच. लोकांना आश्चर्य वाटतं ते कानाचं. ऐकू कमी येणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे, आणि चष्मा आनंदानं लावणारा माणूस कानाचं मशीन म्हटलं की नाक मुरडतो.

तुम्ही स्वतः तीन तक्रारी, तारीखवार, लिहून पाठवल्यात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बहुधा उलटं असतं. तक्रार घरचे करतात आणि रुग्ण म्हणतो मला काय झालंय. वर काकांनी मान बायकोकडे वळवली ना, ती वळणारी मान मला घड्याळाच्या चित्राइतकीच बोलकी वाटते. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं चालेल, किल्ली हातात घेऊन ही कशासाठी असते असा प्रश्न पडला तर या. तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारला जातोय, वीस वर्षांच्या वाटेवर घर चुकलं, भाजीवाल्याचा हिशोब जमेना, जेवायला पाहुणे आले होते हे प्रसंगासकट पुसलं गेलं आणि आठवण करून दिल्यावरही 'अरे हो' होत नाही, हे घरच्यांना दिसलं तर वाट बघू नका. 'अरे हो' म्हणता येतंय तोवर आठवण आत आहे, फक्त हाती लागत नाहीये.

हे सगळं हळूहळू, महिन्या-वर्षांत होतं. दोन दिवसांत झालं तर तो स्मृतिभ्रंश नव्हे, तातडीची केस आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दर मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की, कुणाची तरी आई 'अचानक वेडंवाकडं बोलायला लागली' म्हणून आणतात. कूलरमधलं पाणी संपलेलं, बाईंनी लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणी पिणं कमी केलेलं, वर बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, तपासलं की उत्तर मिळतं, आणि चार दिवसांत बाई मला माझं आडनाव विचारून 'तुम्ही त्या अमक्यांपैकी का' असं सुरू करतात. म्हातारा माणूस न्हाणीत पडला आणि महिन्या-दीड महिन्यानं सुस्त, विसराळू झाला तर डोक्याचा सीटी स्कॅन करा. कवटीखाली साचलेलं रक्त काढल्यावर हिंडूफिरू लागलेले लोक मी पाहिलेत.

शिक्षिका आहात म्हणून एक शेवटचं, तुमच्या नव्हे तर मुलांच्या कामाचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकानं उतारा दोनदा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, मिटून लिहिणाऱ्यांना ५६. मुलं रात्रभर हायलायटर फिरवत बसतात ते थांबवा. नावांसाठी हाच उपाय तुम्हीही करा: हजेरीपट बंद करून पहिल्या बाकापासून आठवा, अडलं की मगच उघडा.

तपासण्यांचे कागद आले की जवळच्या कुठल्याही फिजिशियनला दाखवा. जाताना तुमच्या यजमानांना किंवा बहिणीला सोबत न्या. डॉक्टर तुम्हाला बाहेर बसवून त्यांच्याशी पाच मिनिटं बोलले तर राग मानू नका, मीही तेच करतो. आणि गाडी लावली की उतरल्यावर मागे वळून एकदा बघा, समोर कुठलं दुकान आहे ते तोंडानं म्हणा. मी अजूनही म्हणतो.